स्वयंपाकघरात डोकाव

विचारता ना, तीन तासांत काय काय बघून होईल?
होईल की सगळं.
चौकातलं औषधांचं जुनं दुकान,
ओलेविस्तेचा मनोरा, गुडघे असतील तर,
मध्ययुगाचा झगा घालून भाजके बदाम विकणारी पोर
(झग्याखाली जीन्स आहे. थंडी आहे. तिला काही बोलू नका.)
टेकडीवर जायला दोन रस्ते:
एकाचं नाव लांब पाय, दुसऱ्याचं आखूड पाय.
म्हणून आम्ही म्हणतो, तालिन लंगडत चालतं.
हसून झालं की इकडे या, बुरुजावर.
तिकीट मी फाडते. विर्वे.
याआधी एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवली,
माणसं आरशातून बघायची सवय आहे.

बुरुजाचं नाव एका परक्या, जुन्या बोलीतलं.
अर्थ: स्वयंपाकघरात डोकाव.
पहाऱ्यावरच्या शिपायांना म्हणे इथून धुराड्यांतून थेट दिसायचं
कोणाकडे काय शिजतंय,
कोणाकडे डुक्कर, कोणाकडे नुसतं पाणी उकळतंय.
तोफाही होत्या, खऱ्याच.
शत्रूचे दगडी गोळे अजून भिंतीत रुतलेत, मोजून घ्या.
पण नाव पडलं ते डोकावण्यावरून.
लोकांनी बुरुजाला बरोबर ओळखलं.

आता खाली घरं आहेत, चुली नाहीत.
दारांना आकड्यांची कुलपं.
चाकांच्या बॅगा फरशीवरून खडखडत येतात,
दोन रात्री झोपतात, खडखडत जातात.
एकच स्वयंपाकघर चालू आहे,
चौथ्या मजल्यावरच्या तिरक्या फटीतून दिसतं:
हेल्मीचं. वय शहाऐंशी.
खिडकीत लाल झाकण उभं असलं
की समजायचं, सूप झालं.
दीड वाजता मी खाली उतरते.
अकरा वर्षांत आम्हाला फोन लागला नाही.

बोटीवरून आलेली माणसं, छातीवर नंबर चिकटवलेली,
त्याच फटीतून फोटो काढायची.
एकानं विचारलं, ती बाई रोज असते,
की फक्त उन्हाळ्यात?

मागच्या नोव्हेंबरात,
साडेतीनलाच अंधार पडतो तेव्हाची गोष्ट.
झाकण नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी पडदा.
मी पाटी लावली, पंधरा मिनिटांत येते.
रांगेत एक जर्मन जोडपं होतं,
म्हटलं, तोवर गोळे मोजा.
उतरताना माझाही डावा पाय आखूड झाला.

दार नुसतं लोटलेलं.
हेल्मी ओट्याशी बसलेली,
कोट घालून, लोकरीची टोपी घालून, बटाटे सोलत.
“काय गं, मेले वाटलं?”
“हो.”
“मेले नाही. विटले.
परवा एक पोरगा खालून ओरडला,
आजी, झाकण जरा डावीकडे धरा, उजेड मस्त आहे.
आणि मी धरलं, विर्वे.
धरलं मी!”

मग बराच वेळ नुसती सालं पडत राहिली.
शेवटी म्हणाली, मीठ तू बघ,
मला हल्ली कळत नाही.
वाटाण्याचं सूप, बुडाला लागलेलं,
वर शेपू, सोबत काळा पाव.
मी उभ्यानंच खाल्लं, किल्ल्या कमरेला.
परतले तेव्हा जर्मन बाई म्हणाली, आठ सापडले,
नवरा म्हणाला, नऊ.

तर जा वर. सगळं बघा.
चौथ्या मजल्यावर फटीसमोर एक खोकं दिसेल,
वर लिहिलंय, दुरुस्ती चालू आहे.
कसली, ते आजवर कोणी विचारलं नाही.
दीड वाजता मी ते वीतभर सरकवते,
एकदाच.
पडदा असतो. पडद्यामागे दिवा असतो.
खोकं परत जागेवर.

सुटे असतील तर बरं पडेल.